परतीचा दोर



साहित्याच्या व्यासपीठावर गिर्यारोहणाच्या सिनेमाविषयी बोलायला मला का बोलावले, हा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. मलाही पडला होता. चिटणीसांनी तो उत्तर न देता हसण्यावारी नेला. तेव्हा सुरुवात भाषेपासूनच करतो, म्हणजे निदान पहिली पाच मिनिटे तरी विषय सोडून बोललो असे कोणी म्हणणार नाही.

'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. नोकरीचा राजीनामा दिला, परतीचे दोर कापले. घर विकून मुलाकडे राहायला गेलो, परतीचे दोर कापले. हे दोर आले कुठून, ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. फेब्रुवारी १६७०, कोंढाणा, रात्रीची वेळ, तानाजी पडलेला, मावळे कड्याकडे पळत सुटलेले, आणि सूर्याजी सांगतो की दोर मी कापून टाकले आहेत. परंपरेने चालत आलेली ही कथा आपल्या अंगात इतकी मुरली आहे की दोर कापणे म्हणजे शौर्य, हे आपण धरूनच चालतो. आपले पूर्वज होळकरांच्या मागोमाग माळव्यात आले. कडे तिकडेच राहिले, शब्द मात्र बरोबर आले. आज आपल्यापैकी कित्येकांनी सिंहगड पाहिला असेल तो पुण्याच्या नातेवाइकांबरोबर, पिठलं-भाकरी खाण्यापुरता.

सिनेमालाही हे दोर पहिल्यापासून खुणावत आले आहेत. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून 'सिंहगड' काढला तो १९२३ साली, मूकपटाच्या काळात. शांताराम त्यात शेलारमामा झाले होते, आणि पुढे त्यांनीच प्रभातमध्ये तो बोलपट म्हणून पुन्हा काढला. म्हणजे कड्यावर माणूस चढतो आहे आणि त्याचा जीव एका दोराला टांगलेला आहे, हे चित्र पडद्यावर पाहायची आपली हौस शंभर वर्षांची आहे. असो.

मी स्वतः गिर्यारोहक नव्हे. बाविसाव्या वर्षी उत्तरकाशीला जाऊन 'बेसिक कोर्स' केला, एवढीच माझी पुंजी. पण त्या महिन्याभरात एक गोष्ट शिकलो ती जन्मात विसरलो नाही. आमचे उस्ताद गढवाली होते. दोरावरून खाली उतरायला शिकवताना ते म्हणायचे की चढणे कोणीही शिकवील, मी तुम्हाला परत यायला शिकवतो. आणि दोन दोर एकमेकांना बांधलेले असतील तर मधली गाठ कशी ओलांडायची, याचा सराव त्यांनी आमच्याकडून इतक्या वेळा करून घेतला की रात्री झोपेत हात हलायचे.

ही गाठीची भानगड नीट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्याभोवती आहे. उतरताना दोर तुमच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या कडीतून सरकत जातो. या कडीला कॅराबिनर म्हणतात. नुसता दोर सरकतो, गाठ मात्र जाडीमुळे अडकते. मग करायचे काय? पाय कुठेतरी टेकवायचे, दोरावरचा आपला भार क्षणभर काढायचा, दोर कडीतून सोडवायचा आणि गाठीच्या पलीकडे पुन्हा अडकवायचा. दोन हात धड असले आणि पायाखाली टीचभर जागा असली तर दोन मिनिटांचे काम. यांतले काहीच नसेल तर अशक्य.

आता थोडे स्वित्झर्लंडला जाऊ. आपल्यातले बरेच जण युरोपच्या सहलीत युंगफ्राउयोखला जाऊन आलेले आहेत. वर ३४५४ मीटरवर रेल्वे स्टेशन आहे, बर्फात फोटो काढतात, गरम जेवणही मिळते. ती गाडी वर जाते ती एका डोंगराच्या पोटातून. त्या डोंगराचे नाव आयगर. उंची ३९६७ मीटर, म्हणजे हिमालयाच्या हिशेबात काहीच नाही. पण त्याची उत्तरेकडची भिंत सुमारे अठराशे मीटर सरळ उभी आहे, आणि तिच्यावरून दिवसभर दगड गडगडत असतात. जर्मनमध्ये 'नॉर्डवांड' म्हणजे उत्तर भिंत, एक अक्षर बदलून लोकांनी तिला 'मॉर्डवांड' केले, म्हणजे खुनी भिंत. बोगदा खणताना कामगारांनी भिंतीत बाहेर उघडणारी भोके ठेवली होती. त्यातल्या एका जागी पुढे काचेच्या खिडक्या बसवल्या आणि गाडी पाच मिनिटे थांबू लागली. ऊबदार डब्यातून उतरायचे, खिडकीतून खाली बघायचे, पुन्हा डब्यात बसायचे. जगातल्या सर्वांत भयंकर कड्यांपैकी एकाच्या ऐन मध्यावर! पायथ्याशी क्लाइने शायडेगच्या हॉटेलात दुर्बिणी लावलेल्या, म्हणजे कॉफी पिता पिता वरचा माणूस जगतो की मरतो हे पाहता येई. सिनेमा यायच्या आधीच तिथे प्रेक्षागृह तयार होते.

जुलै १९३६ मध्ये चौघे तरुण त्या भिंतीवर चढले. टोनी कुर्त्स आणि आन्द्रेआस हिंटरश्टॉयसर हे दोघे बव्हेरियातले, विली आंगेरेर आणि एडी रायनर हे ऑस्ट्रियन. वाटेत एक गुळगुळीत पट्टा आडवा ओलांडावा लागतो. हिंटरश्टॉयसर दोराच्या ताणावर झोके घेत तो पार झाला, त्याने दोर लावला, त्याला धरून बाकीचे तिघे आले. आणि सगळे पलीकडे पोचल्यावर त्यांनी तो दोर ओढून घेतला. वर लागेल म्हणून. परतायचे नव्हतेच त्यांना.

पुढे आंगेरेरला दगड लागला. हवा बिघडली. जखमी सोबत्याला घेऊन चौघे मागे फिरले आणि त्या पट्ट्याशी आले, तर तिथे बर्फाचा काचेसारखा थर चढलेला. हिंटरश्टॉयसरने परत जायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा केला, जमले नाही. तेव्हा सरळ खाली उतरायचे ठरले. रेल्वेचा एक पहारेकरी भिंतीतला दरवाजा उघडून बाहेर डोकावला, त्याने हाक दिली, वरून आनंदाने ओ आली. तो आत गेला आणि त्यांच्यासाठी चहा ठेवला. बराच वेळ झाला तरी कोणी येईना म्हणून पुन्हा बाहेर आला, तेव्हा वरून एकट्या कुर्त्सच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. बर्फाच्या लोंढ्यात बाकीचे तिघे गेले होते.

वाटाडे गाडीने आले आणि त्याच दारातून भिंतीवर गेले, पण अंधार पडत होता. कुर्त्स रात्रभर दोराला लटकत राहिला. एक हात गोठून निकामी झाला. सकाळी त्याने मेलेल्या सोबत्यांचे दोर कापले, मिळालेल्या दोराचे पेड एका हाताने आणि दातांनी तासन्‌तास उकलले, त्यांची लांब दोरी करून खाली सोडली आणि वाटाड्यांनी बांधून दिलेला दोर वर ओढून घेतला. तो दोर आखूड पडला म्हणून त्यांनी त्याला दुसरा जोडला होता. कुर्त्स उतरू लागला. आणि वाटाड्यांपासून अवघ्या काही फुटांवर ती जोडाची गाठ त्याच्या कॅराबिनरमध्ये अडकली. पायाखाली हवा, एक हात मेलेला. त्याने बराच वेळ झटापट केली, मग आपल्याच्याने आता होत नाही, एवढेच म्हणून तो मान टाकून दोरावर तसाच राहिला.

त्या आडव्या पट्ट्याला आज हिंटरश्टॉयसरचेच नाव आहे, आणि तिथे आता कायमचा दोर लावलेला असतो.

एवढे सगळे सांगून मग सिनेमाकडे येतो, कारण हे ठाऊक नसताना मी 'द आयगर सँक्शन' पाहिला तेव्हा मला तो बरा वाटला होता. ट्रेव्हेनियन या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाची १९७२ची कादंबरी. क्लिंट ईस्टवूडने तिच्यावरून चित्रपट केला, दिग्दर्शनही त्याचेच, १९७५ साली आला. चित्रकलेचा प्राध्यापक, तो गुप्तपणे माणसे मारतो, त्याला आयगरवर जाणाऱ्या तुकडीत मिसळून एकाचा काटा काढायचा आहे; कोणाचा, ते माहीत नाही. गोष्ट म्हणून भाकड आहे, आणि बायकांविषयीचे त्यातले विनोद आज ऐकवत नाहीत. पण ईस्टवूडने एक हट्ट धरला होता. चढाई खरी दाखवायची, स्वतः करायची, स्टुडिओतला पुठ्ठ्याचा डोंगर नको.

त्यासाठी त्याने माइक हूव्हर या गिर्यारोहक छायाचित्रकाराकडून कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीला धडे घेतले. अमेरिकेतल्या मॉन्युमेंट व्हॅलीत 'टोटेम पोल' नावाचा वाळूच्या खडकाचा सुळका आहे, शंभर मीटरहून उंच आणि उदबत्तीसारखा बारीक. ती जमीन नवाहो लोकांची, आणि तिथे चढायला बंदी. पूर्वीच्या लोकांनी खडकात ठोकून ठेवलेले खिळे तुम्ही काढून न्यावेत, या बोलीवर यांना परवानगी मिळाली. चित्रपटात ईस्टवूड आणि जॉर्ज केनेडी त्या सुळक्याच्या माथ्यावर बसलेले दिसतात, ते खरेच तिथे बसले आहेत. संपूर्ण चित्रपटात मला आवडणारा भाग हाच. कोणी कोणाला मारत नाही, दोघे नुसते बसले आहेत.

आयगरवर चित्रीकरण सुरू झाले ऑगस्ट १९७४ मध्ये. सुरक्षेची जबाबदारी हॅमिश मॅकिन्स यांच्याकडे होती, स्कॉटलंडमध्ये डोंगरातून माणसे सोडवून आणण्याच्या कामात त्यांचा शब्द शेवटचा मानत. बरोबर डूगल हॅस्टन होता. १९६६ मध्ये आयगरच्या भिंतीवरून सरळ वर जाणारी वाट काढताना जॉन हार्लिनचा दोर तुटला आणि तो गेला. त्या मोहिमेत शिखरावर पोचलेल्यांपैकी हॅस्टन एक. म्हणजे ही भिंत काय आहे हे माहीत नसलेले लोक तिथे नव्हते. एवढी माहीतगार माणसे पैशासाठी सिनेमाच्या कामावर का गेली, असे कोणी विचारील. गिर्यारोहकालाही घर चालवावे लागते, आणि डोंगर पगार देत नाही.

चित्रीकरणाच्या दुसऱ्याच दिवशी दगड कोसळण्याचा प्रसंग घेतला. काम आटोपले होते. पण कोसळणारे दगड खुद्द चढणाऱ्याच्या नजरेला कसे दिसतील, ते घ्यायचे राहिले होते, म्हणून हूव्हर आणि डेव्हिड नोल्स हा तरुण ब्रिटिश गिर्यारोहक मागे थांबले. दृश्यासाठी दगड खोटे होते. ते आटोपून निघायच्या बेतात असताना वरून खरे आले. नोल्स जागच्या जागी गेला, हूव्हर जखमी झाला.

ईस्टवूडने सगळे थांबवायचा विचार केला होता. सोबतच्या गिर्यारोहकांनीच त्याला सांगितले की पुढे चला, नाहीतर तो फुकट गेला असे होईल. चित्रपट पुरा झाला. शेवटाकडे एक प्रसंग आहे: नायक दोराला लटकतो आहे, समोर भिंतीतल्या त्या बोगद्याची खिडकी आहे, आतून त्याच्याकडे दुसरा दोर फेकला जातो, आणि वाचायचे तर त्याला आधी स्वतःचा दोर स्वतःच्या हाताने कापावा लागतो. आतल्या माणसावर विश्वास ठेवावा की नाही, हे त्याला ठाऊक नाही. तो प्रसंगही ईस्टवूडने खाली शेकडो मीटर पोकळी असताना स्वतः केला. अर्थात सिनेमात तो वाचतो. कुर्त्सची गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याला ती खिडकी आणि तो दोर पाहून काय वाटते, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. मी दुसऱ्यांदा पाहताना टीव्ही बंद केला.

'नाहीतर तो फुकट गेला असे होईल.' या वाक्यावर मी पुष्कळ वर्षे विचार केला आहे. ते बोलणारे नोल्सचे दोस्त होते, त्यांचा अधिकार मोठा. मी भिंतीवर नव्हतो. तरीही मला ते पटत नाही. नोल्स गेला तो एका दृश्यासाठी, आणि ते दृश्य कितीही चांगले उतरले तरी हिशेब जुळत नाही. पण हेही सांगतो, की त्या चित्रपटातल्या कड्याकडे बघून आपल्या पोटात गोळा येतो तो खरा आहे, आणि तो येतो याचे कारण दोराच्या दुसऱ्या टोकाला, कॅमेऱ्याच्या मागे, खरी माणसे लटकत होती. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. मला त्यातून वाट सापडलेली नाही.

आता दुसरा दोर, हा खरोखर कापलेला. १९८५, दक्षिण अमेरिकेतला पेरू देश, सिउला ग्रांदे नावाचे ६३४४ मीटरचे शिखर. जो सिम्पसन पंचविशीचा, सायमन येट्स एकविशीचा. दोघे पश्चिमेच्या भिंतीने शिखरावर पोचले. ती वाट त्याआधी कोणी पुरी केली नव्हती. उतरताना सिम्पसन पडला आणि नडगीचे हाड गुडघ्यात घुसले. तेवढ्या उंचीवर मोडलेला पाय म्हणजे मरणच, आणि दोघांनाही ते कळले होते. तरी येट्सने त्याला सोडले नाही. दोन दोर जोडून नव्वदेक मीटरचा एक केला, बर्फात खड्डा करून त्यात बसला आणि सिम्पसनला खाली खाली सोडत राहिला. मधे गाठ आली की दोराला हिसका द्यायचा, खाली सिम्पसन धडक्या पायावर उभा राहून भार काढायचा, येट्स गाठ ओलांडून घ्यायचा. माझे उस्ताद हे पाहून खूश झाले असते. असे ते कित्येक वेळा उतरले.

मग अंधारात आणि वादळात सिम्पसन एका कड्यावरून अधांतरी सुटला. पाय टेकवायला काही नाही, त्यामुळे भार काढता येईना, त्यामुळे गाठ ओलांडता येईना. पुन्हा तीच गाठ, कुर्त्सनंतर एकोणपन्नास वर्षांनी. वर येट्सच्या बुडाखालचा बर्फ ढासळू लागला. त्याने तासाहून अधिक वेळ धरून ठेवले. शेवटी चाकू काढला.

सिम्पसन हिमभेगेत पडला आणि जिवंत राहिला. आपण लटकत असलेला दोर त्याने खाली ओढला, त्याला वाटले दुसऱ्या टोकाला सायमनचे प्रेत असेल. टोक हातात आले तेव्हा ते कापलेले होते. वर चढणे शक्य नव्हते, म्हणून तो त्याच दोराने भेगेत आणखी खाली उतरला. उतरताना दोराच्या टोकाला गाठ मारतात, म्हणजे माणूस टोकावरून निसटत नाही. त्याने मुद्दाम मारली नाही. खाली काही नसेल तर लवकर सुटका व्हावी म्हणून. खाली तळ होता, आणि बाजूने बाहेर पडायला वाट होती. तीन दिवस घसटत, सरपटत तो तळावर पोचला, तेव्हा येट्स दुसऱ्या दिवशी निघायच्या तयारीत होता आणि सिम्पसनचे कपडे जाळून झाले होते.

दोर कापणाऱ्या येट्सला पुष्कळांनी नावे ठेवली. सिम्पसनने पुस्तक लिहिले ते मुख्यतः त्याची बाजू मांडायला. सायमनने केले ते बरोबर होते, त्याच्या जागी मीही तेच केले असते, हे तो आजतागायत सांगत आला आहे. कापलेल्या दोराच्या खालच्या टोकाला असलेल्या माणसाने हे म्हणणे म्हणजे काय, याचा विचार करा. आमच्या वाक्प्रचारात दोर कापणारा सूर्याजी तेवढा लक्षात राहिला. कड्यापाशी येऊन दोर नाही हे पाहिलेल्या मावळ्याला काय वाटले, हे आम्ही कधी विचारले नाही.

२००३ मध्ये केव्हिन मॅकडॉनल्डने यावरून 'टचिंग द व्हॉइड' केला. सिम्पसन, येट्स आणि तळावर थांबलेला रिचर्ड हॉकिंग हे तिघे कॅमेऱ्याकडे बघत जसे घडले तसे सांगतात, ना रडत ना ओरडत. मरणाच्या दारात असताना डोक्यात बोनी एमचे एक नावडते गाणे अडकून बसले आणि हे ऐकत मरायचे की काय म्हणून आपण वैतागलो, असे सिम्पसन सांगतो तेव्हा हसू येते आणि लगेच हसल्याची लाज वाटते. चढाईची दृश्ये नटांना घेऊन बरीचशी आल्प्समध्ये केली, जिथे धोका आवाक्यात राहील तिथे. ईस्टवूडच्या हट्टापेक्षा ही रीत मला शहाणपणाची वाटते, कारण खरेपणा इथे बोलणाऱ्यांच्या चेहऱ्यातून येतो, नव्या जिवाच्या जोखमीतून नव्हे. असे मी म्हणालो असतो आणि व्याख्यान संपवले असते.

पण काही दृश्ये सिउला ग्रांदेलाच घ्यावी लागली, दुसरा डोंगर त्याच्यासारखा दिसेना. त्यासाठी २००२ मध्ये सिम्पसन आणि येट्स सतरा वर्षांनी तिथे परत गेले. दगड न कोसळता, दोर न तुटताही सिम्पसनला तिथे फार त्रास झाला. सगळे पुन्हा घडते आहे असे वाटून तो घाबराघुबरा होई. आणि लांबून घ्यायच्या दृश्यांसाठी त्याला त्याचीच भूमिका करायला लावले होते. तेव्हा तुम्ही तो चित्रपट पाहाल, आणि दगडधोंड्यांच्या उतारावर खुरडत, पडत, पुन्हा उठत चाललेला एक ठिपका दुरून दिसेल, तर एवढे लक्षात ठेवा, की काही ठिकाणी तो नट नाही. तो स्वतः जो सिम्पसन आहे.